लाव्याची अंडी, 17 दिवस आणि सोनाराचा काटा

खुडूक बसलेली गावठी कोंबडी ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला अंडी उबवणं म्हणजे काय हे अर्धं ठाऊक असतं. ती टोपलीत अंग पसरून बसते, हात नेला की टोचते, दिवसातून एकदा उठून दाणापाणी करून येते आणि बसल्या बसल्या चोचीनं अंडी खालीवर करत राहते. 21 दिवसांनी टोपलीतून चिवचिव ऐकू येते. लाव्याच्या बाबतीत ही सोय नाही. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली जपानी लाव्याची मादी अंडी भरपूर देते, पण त्यांवर बसण्याची तिची सवय जवळजवळ मोडली आहे. अंडं घातलं की ती पुढं चालू लागते. मी एकदा ही अंडी गावठी कोंबडीखाली सरकवून पाहिली होती. दहा-अकरा ग्रॅमचं अंडं आणि वर दीड किलोची कोंबडी. दुसऱ्या दिवशी टोपलीत चिकचिकाट होता. तेव्हा अंडी उबवायचं यंत्र, म्हणजे इनक्युबेटर, घेतलं.

आधी नावाचा घोळ मिटवू. बाजारात ज्याला बटेर आणि हॉटेलात क्वेल म्हणतात, तो पाळीव जपानी लावा. तो आपल्याकडचा नाही. 1974 साली तो अमेरिकेतून भारतात आला आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला त्याच्यावर काम सुरू झालं. तिथून तो देशभर पसरला. आपल्या माळावर पायाखालून भुर्रकन उडतो तो रानलावा वेगळा. त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याची अंडी उचलून आणायची नाहीत. इथं सगळं चाललंय ते पाळीव लाव्याबद्दल.

अंडी आणायची कुठून

दुकानात 12 ची किंवा 18 ची डबी मिळते ती उबवून बघावी, असं प्रत्येकाला वाटतं. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, कारण खाण्याच्या अंड्यांसाठी माद्या नराशिवाय ठेवलेल्या असतात. नर नसेल तर अंडं येतं, पण त्यात जीव धरलेला नसतो. म्हणून अंडी घ्यायची ती नर-मादी एकत्र असलेल्या पाळणाऱ्याकडून. दोन-तीन माद्यांमागे एक नर असेल तर ठीक. हेही विचारा की नर कधीपासून सोबत आहे. नर काढून घेतल्यावर लाव्यात फलित अंड्यांचं प्रमाण आठवडाभरातच कोसळतं.

फार मोठी, फार लहान, तडे गेलेली अंडी बाजूला ठेवा. विष्ठेनं माखलेलीही घेऊ नका. आणि अंडी धुवायची नाहीत, हे घरातल्या ज्येष्ठांनाही सांगून ठेवा. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो आणि तो जंतूंना आत जाऊ देत नाही. पाण्यानं तो निघून जातो.

आता साठवणुकीचं, कारण पहिला घात इथंच होतो. मादीच्या पोटात अंडं दिवसभर ऊब घेत असतं, त्यामुळे बाहेर येतं तेव्हाच त्यात हजारो पेशींची एक चकती तयार असते. बाहेर थंडावा मिळाला की तिची वाढ थांबते आणि ती झोपल्यासारखी पडून राहते. हा थंडावा म्हणजे साधारण 20 अंशांच्या खाली. 12 ते 18 सगळ्यात चांगलं. खोलीत 32 अंश असतील तर ती चकती धड झोपत नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट वाढ होते आणि मग ती मरते. यंत्रात ठेवायच्या आधीच हे घडून गेलेलं असतं, आणि दोष मात्र यंत्राला लागतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर-नांदेडकडे चार दिवस अंडी टोपलीत साठवून मग लावणं म्हणजे निव्वळ विजेचं बिल वाढवणं आहे. उन्हाळ्यात लावायचीच असतील तर मिळाल्या मिळाल्या लावा. थंडीत आठवडाभर थांबता येतं. जाड टोक वर ठेवायचं आणि रोज एकदा ट्रे कलता करायचा. फ्रिजमधल्या अंड्यांतून पिल्लं निघतच नाहीत असं नाही, पण प्रमाण बरंच घटतं. लांबून पार्सलनं आलेली अंडी हादरलेली असतात. ती जाड टोक वर करून रात्रभर शांत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लावा. तरीही त्यातून निम्मी पिल्लं मिळाली तर खूश व्हा.

पडद्यावरचा आकडा

छोट्या इनक्युबेटरमध्ये असतं काय? एक डबा, तापवणारी तार किंवा बल्ब, हवा फिरवायला पंखा, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि तळाला पाण्याच्या पन्हळी. महागड्यात अंडी आपोआप फिरतात. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 ते 37.7 अंश हवेत. बिनपंख्याच्या डब्यात गरम हवा वर तरंगते, म्हणून तिथं अंड्यांच्या माथ्याशी मोजून साडेअडतीसच्या थोडं वर ठेवतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं बिनपंख्याचं यंत्र घेऊच नये.

स्वस्त यंत्राच्या पडद्यावर 37.6 दिसतं म्हणजे आत 37.6 असतंच असं नाही. अर्धा-एक अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं. अर्धा अंश जास्त असेल तर पिल्लं लवकर आणि अशक्त निघतात, कमी असेल तर उशीर होतो आणि काही निघतच नाहीत. तपासायला वेगळं उपकरण लागत नाही. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर नेमका याच टापूत काम करतो. काचेचा असेल तर आणखी बरं, कारण तो चढलेला सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो. मधूनच तापमान उसळत असेल तर तेही कळतं. झटकून खाली आणा, अंड्यांच्या उंचीवर तासभर ठेवा, मग वाचा. 99.7 फॅरनहाइट म्हणजे 37.6. थर्मामीटर जपून हाताळा, आतला पारा यंत्रात सांडला तर ते यंत्र गेलंच.

हे सगळं रिकाम्या यंत्रावर, अंडी आणण्याच्या आदल्या दिवशी करायचं. यंत्र 24 तास चालवून स्थिर होऊ द्या. जागा आतल्या खोलीतली हवी. खिडकीजवळ दुपारचं ऊन आलं की थर्मोस्टॅट काही करू शकत नाही. तो तापवू शकतो, थंड करू शकत नाही.

पाण्याचा हिशेब

तापमानाचं गणित बहुतेकांना जमतं. अंडी वाया जातात ती पाण्यापायी, आणि याबद्दल पुस्तिकेत एकच ओळ असते: दोन्ही पन्हळी भरा.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून आत हवा येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. पाणी जसं कमी होतं तसा जाड टोकाशी असलेला हवेचा कप्पा मोठा होत जातो. हा कप्पा पिल्लाची पहिल्या श्वासाची जागा. जन्माच्या आधी ते आतला पापुद्रा फोडून चोच त्या कप्प्यात घालतं, तिथली हवा घेतं आणि त्या दमावर कवच फोडायला लागतं. पाणी कमी उडालं तर कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगलेलं आणि ओलं राहतं, त्याला वळायला जागा उरत नाही आणि ते आतच गुदमरतं. पाणी जास्त उडालं तर पापुद्रा सुकून चामड्यासारखा पिल्लाला चिकटतो.

लाव्याच्या अंड्यानं 14 व्या-15 व्या दिवसापर्यंत आपल्या वजनाचा साधारण 10 ते 12 टक्के भाग पाणी म्हणून सोडायला हवा. त्यासाठी पहिले दोन आठवडे आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा असं सांगतात. पण ही आर्द्रता सापेक्ष असते आणि गोम इथंच आहे. हवा तापवली की तिची पाणी धरण्याची ऐपत वाढते, म्हणून तेवढंच पाणी टक्केवारीत कमी दिसतं. जुलैत चिपळूणला बाहेर 27 अंश आणि 90 टक्के ओल असेल, तर तीच हवा यंत्रात 37.6 अंशांना तापल्यावर जवळपास 50 टक्के होते. म्हणजे पाण्याचा थेंब न घालता काम झालं! जानेवारीत सोलापूरला दुपारी 28 अंश आणि 35 टक्के असेल, तर यंत्रात उरतात जेमतेम 20 टक्के. यंत्र तेच आणि पुस्तिकाही तीच. कोकणात पावसाळ्यात पन्हळ भरली तर अंडी बुडाली, देशावर हिवाळ्यात कोरडी ठेवली तर वाळली.

मी चिपळूणचा आणि माझी ताई सोलापूरची. दोघांनी एकाच वेळी एकाच प्रकारची यंत्रं मागवली होती. तिला बजावून सांगितलं गेलं, पाणी घालू नकोस, अंडी कुजतात. मी पुस्तिका वाचून दोन्ही पन्हळी भरल्या. दोघांच्या पिल्लांचे हाल झाले, पण कारणं उलटी होती.

माझ्या पडद्यावर आर्द्रता 52 दिसत होती, म्हणजे अगदी पुस्तकातल्यासारखी. नंतर मिठानं तपासलं. हा प्रयोग मजेचा आहे आणि घरी कुणालाही करता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं, ते झाकण आणि आर्द्रता मोजणारं छोटं मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटरनं 75 दाखवलं तर ते खरं बोलतंय. यंत्रातली मापनकांडी वायरीसकट बाहेर काढता येत होती, ती अशी डब्यात ठेवली. तिनं 60 दाखवलं. म्हणजे ती 15 नं कमी बोलत होती आणि मी अंडी 52 नाही, 67 टक्क्यांत ठेवली होती.

तेव्हापासून मी पडद्यावरच्या आर्द्रतेकडे फारसं बघत नाही. अंड्यांचं वजन करतो. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. 500 ग्रॅमपर्यंतचा घ्या. समजा 24 अंडी भरली 264 ग्रॅम. 11 टक्के म्हणजे 29 ग्रॅम, आणि ते साडेचौदा दिवसांत उडायला हवेत. रोजचे 2 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी 258, सातव्या दिवशी 250, 14 व्या दिवशी 236 च्या आसपास. वजन याहून हळू उतरत असेल तर पाणी काढा, झरोका उघडा. भरभर उतरत असेल तर एक पन्हळ भरा. पाण्याची खोली वाढवून आर्द्रता वाढत नाही, ती वाढते पाण्याचा उघडा पृष्ठभाग वाढवल्यानं. म्हणून खोल वाटीपेक्षा पसरट ताटली किंवा ओला स्पंज जास्त काम करतो. मधेच अंडी काढून टाकली तर त्यांचं त्या दिवशीचं वजन वहीत लिहा, नाहीतर हिशेब चुकतो.

फिरवणं, बघणं आणि लाइट जाणं

अंडं एकाच अंगावर राहिलं तर वाढणारा जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून पहिले 14 दिवस फिरवायचं. हातानं करत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम आकडा. रात्रीचा पसारा लांब असतो आणि विषम आकड्यामुळे तो रोज वेगळ्या अंगावर पडतो. पेन्सिलीनं एका बाजूला फुली मारली की गोंधळ होत नाही. शाई वापरू नका. आपोआप फिरवणाऱ्या ट्रेचे खाचे बहुधा कोंबडीच्या अंड्यांच्या मापाचे असतात आणि लाव्याचं अंडं त्यात आडवंतिडवं लोळतं. मी अंड्यांच्या डबीचे कागदी खळगे कापून त्यात बसवले. निमुळतं टोक वर राहिलं नाही म्हणजे झालं.

आत जीव आहे का ते पाहायला अंडं अंधारात टॉर्चवर धरतात. कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यात चौथ्या दिवशीच लाल जाळं दिसतं. लाव्याच्या कवचावर इतके तपकिरी ठिपके की सहा-सात दिवसांआधी बघण्यात अर्थ नाही. बारीक तोंडाचा जोरदार एलईडी टॉर्च लागतो. जिवंत अंडं गडद दिसतं, कडेनं शिरा आणि जाड टोकाशी स्वच्छ कप्पा. वांझ अंडं सगळं उजळतं. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलेला आहे. शंका असेल तर राहू द्या, आणि वास आला तर लगेच काढा, कारण कुजलेलं अंडं यंत्रात फुटलं की बाकीच्यांनाही धोका असतो.

लोडशेडिंगची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. कोंबडीही रोज अंडी सोडून चरायला जातेच. तास-दोन तास लाइट गेली तर झाकण उघडू नका, यंत्रावर गोधडी टाका, झरोके थोडे मोकळे ठेवा. चार-पाच तास गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाजूला लावा. पिल्लं थोडी उशिरा निघतील, काही कमी निघतील, पण खेप जात नाही. उष्णतेला मात्र क्षमा नाही. थर्मोस्टॅट अडकून आत 41-42 अंश झाले आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर थोड्या वेळात सगळं संपतं.

शेवटचे तीन दिवस

15 व्या दिवशी फिरवणं बंद. ट्रे काढायचा, अंडी खडबडीत जाळीवर किंवा फडक्यावर आडवी ठेवायची आणि आता पाणी भरायचं, 65 ते 75 टक्क्यांपर्यंत. पिल्लू कवच फोडत असताना पापुद्रा वाळून चिकटू नये म्हणून. याला हौशी मंडळी पूर्वीपासून लॉकडाऊन म्हणतात. त्याचा अर्थ एकच, झाकण उघडायचं नाही. झरोके मात्र उघडे हवेत, आता आतल्या जिवांना प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो.

17 व्या दिवशी, कधी 16 व्या रात्री तर कधी 18 व्या सकाळी, एका अंड्यावर तारेसारखा तडा दिसतो. मग तासन्‌तास काही नाही. मग ते पिल्लू आतून गोल फिरत टोपी कापल्यासारखं कवच कापतं आणि काही मिनिटांत बाहेर येतं. सात-आठ ग्रॅमचं, मोठ्या भुंग्याएवढं. त्यापाठोपाठ बाकीची धडाधड. हा योगायोग नव्हे. 1960 च्या दशकात मार्गारेट व्हिन्स या ब्रिटिश संशोधिकेनं लाव्यांच्या अंड्यांवर काम करून दाखवलं की कवचातली पिल्लं टिकटिक आवाज करतात, शेजारच्या अंड्यांना तो जाणवतो आणि मागे पडलेली वेग वाढवतात. रानात आई एकदाच सगळ्यांना घेऊन निघणार असते, मागे राहिलेल्याची वाट बघत नाही. म्हणून या दिवसांत अंडी एकमेकांना खेटून ठेवतात.

पिल्लाला बाहेर यायला मदत करायचा मोह होतो. करू नका. बलकाचा उरलेला भाग ते शेवटच्या तासांत पोटात ओढून घेत असतं, घाईनं कवच सोललं तर रक्तस्राव होतो. त्या बलकावर निघालेली पिल्लं 24 तास दाण्यापाण्याशिवाय आरामात राहतात. सुकून फुगीर झाली की सगळी एकदम काढा.

त्यांचं घर आधीच तापवून ठेवलेलं असावं. खोका, वर बल्ब, पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली वर्तमानपत्र घालू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते कायमचे फाकलेले राहतात. जुना टॉवेल घाला. पाण्याच्या बशीत गोट्या टाका, कारण एवढीशी पिल्लं अर्ध्या इंच पाण्यातही बुडून मरतात. खाद्य 24 टक्क्यांच्या वर प्रथिनांचं, मिक्सरमधून बारीक काढलेलं. पिल्लं हाताळली की लहान-मोठ्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे.

हे सगळं लावण्याआधी एक प्रश्न घरात बसून सोडवा: नरांचं काय करणार? निम्मी पिल्लं नर निघतात. तिसऱ्या आठवड्यात छातीवरून ओळखू येतात, नराची छाती साधी विटकरी, मादीची ठिपक्यांची. सहा-सात आठवड्यांत वयात येतात आणि पहाटे किंचाळायला लागतात. सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांकडून उत्तर लवकर येईल.

न निघालेली अंडी

19 व्या दिवसानंतर जे राहिलं ते राहिलं. ती अंडी टाकून देऊ नका. अंगणात नेऊन एकेक फोडा. किळस येते, पण चूक कुठं झाली हे फक्त तीच सांगतात. आत नुसता बलक आणि पांढरं असेल तर नराकडे बघा. रक्ताचं कडं किंवा चिमूटभर जीव असेल तर साठवण किंवा पहिल्या दिवसांतलं तापमान. अर्ध्यावर थांबलेली बहुधा फिरवण्याची चूक किंवा आईबापांचं निकृष्ट खाद्य. पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच कप्प्यापर्यंत पोचलेलीच नाही आणि अंगभर पाणी, ही ओलाव्याची खूण. कवचाला भोक पडलेलं, पण पिल्लू सुक्या पापुद्र्यात अडकलेलं, ही कोरडेपणाची किंवा मधे मधे झाकण उघडल्याची.

माझ्या त्या पहिल्या खेपेत 24 पैकी 5 वांझ, 2 लाल कडी, 6 पिल्लं आणि 11 पूर्ण वाढून आतच मेलेली. ताईच्या सांगण्यावरून मी पहिल्या आणि 15 व्या दिवशी वजन लिहून ठेवलं होतं, पण तेव्हा त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. वही उघडली: 264 आणि 245. उडायला हवे होते 29 ग्रॅम, उडाले 19. अकराच्या अकरा पिल्लांच्या अंगाखाली पाणी होतं. ऑगस्टात दुसरी खेप लावली तेव्हा 14 दिवस दोन्ही पन्हळी कोरड्या ठेवल्या. बाहेर पाऊस मुसळधार होता आणि काटा रोज 2 ग्रॅमनं उतरत होता.